कसोटीवर सोनं कळतं, खडा कळत नाही: वापरलेली डिझायनर अंगठी तपासताना

तालुक्याच्या गावी सराफाच्या गादीवर अंगठी ठेवली की तो ती हातात खालीवर करतो, आतून निरखतो, कसोटीच्या काळ्या दगडावर बारीक रेघ ओढतो, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि म्हणतो, "माल बराबर हाये, भाऊ." त्याचं म्हणणं खरंच असतं, पण ते सोन्यापुरतं असतं. अंगठी घरी येईपर्यंत मात्र "सोनारानं पास केली" असं होऊन जातं आणि वरचा नीलम किंवा माणिकही त्यासोबत पास होतो. वापरलेल्या महागड्या अंगठीत माणूस फसतो तो बहुतेक वेळा इथेच. कारण १८ कॅरेटच्या अंगठीतलं सोनं चार-पाच ग्रॅम असतं आणि मागितलेल्या किमतीचा मोठा हिस्सा खडा आणि आतल्या बाजूला कोरलेलं नाव या दोन गोष्टींचा असतो.

म्हणून अशी अंगठी म्हणजे तीन वेगळ्या वस्तू समजाव्यात: धातू, खडा आणि घडवणाऱ्याचं नाव. धातूचा निकाल हॉलमार्किंग केंद्र देतं, खड्याचा रत्नपरीक्षण प्रयोगशाळा. नावाचं बरंचसं आपल्यालाच भिंगाखाली पाहता येतं.

सामान फार लागत नाही. दहापटीचं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, मोबाइलचा टॉर्च आणि पांढरा कागद. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मिळाला तर ठेवावा. अंगठी दारात किंवा ओसरीत, दिवसाच्या उजेडात पाहावी. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली साधं माणिकही पेटलेलं दिसतं आणि पांढऱ्या एलईडीखाली फिका नीलमही खुलतो.

आधी धातू, कारण तो सोपा आहे. भारतात घडलेल्या नव्या अंगठीवर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (१८के७५० किंवा २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा ओळख क्रमांक. हा क्रमांक १ जुलै २०२१ पासून आला आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. क्रमांक खरा निघाला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, दागिन्याचा प्रकार नीट वाचावा. दुसऱ्या दागिन्याचा खरा क्रमांक अंगठीवर कोरलेला असेल तर तो इथेच पकडला जातो. जुन्या अंगठीवर एचयूआयडी नसेल, तर तेवढ्यानं ती खोटी ठरत नाही. आधीच्या पद्धतीत केंद्राची आणि सराफाची खूण असायची, आणि २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही.

परदेशी घराण्याच्या (ब्रँडच्या) अंगठीवर एचयूआयडी शोधत बसू नये. तिथे '७५०' किंवा 'एयू७५०', प्लॅटिनम असेल तर 'पीटी९५०' असतं. फ्रान्समधल्या १८ कॅरेटवर गरुडाच्या डोक्याचा अगदी बारीक शिक्का असतो, इटलीच्या अंगठीवर तारा, क्रमांक आणि प्रांताची अक्षरं. '१८के'च्या मागे 'जीपी' किंवा 'एचजीई' दिसलं तर ते वरचं मुलामाकाम आहे, सोन्याची अंगठी नव्हे.

शंका राहिलीच तर नागपूर, अमरावती, अकोला इथल्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात जुना दागिनाही तपासून मिळतो. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये असा दर ठरलेला आहे. तिथलं क्ष-किरणांनी धातू तपासणारं एक्सआरएफ यंत्र वरचा पातळ थरच वाचतं हे मात्र लक्षात असू द्या. पांढऱ्या सोन्यावर रोडियम या दुसऱ्या धातूचं पाणी चढवलेलं असतं, त्यामुळे आकडा चुकतो. कड्याच्या आतल्या, झिजलेल्या जागी मोजायला सांगावं. कसोटीवर घासायची वेळ आली तर तीही आतून, आणि शिक्क्यापासून दूर. शिक्का घासला गेला की अंगठीची अर्धी ओळख गेली.

आता नाव. अक्षरं भिंगाखाली धरा. चांगल्या घराण्याचं कोरीव काम कडेला स्वच्छ असतं, अक्षरांची उंची आणि अंतर सारखं, रेघेचा तळ एकसारखा खोल. नकलेत अक्षर वरवर जाळल्यासारखं दिसतं, कडा फुगतात, किंवा ओतकामातच नाव आलेलं असल्यानं अक्षरांत बारीक दाणे दिसतात. मग माप घ्यावं. युरोपातल्या बऱ्याच अंगठ्यांवर आतला परीघ मिलिमीटरमध्ये लिहितात, कार्तिएच्या अंगठीवरचा '५२' म्हणजे ५२ मिलिमीटर. कॅलिपरनं आतला व्यास घ्या आणि ३.१४ नं गुणा. ५२ ला व्यास साधारण १६.५ मिलिमीटर यायला हवा, आपल्याकडच्या मापात ती १२ नंबरच्या आसपास बसते. व्यास १८ आला तर अंगठी कधीतरी वाढवली आहे. अशा वेळी कड्याच्या खालच्या भागात डागाची, म्हणजे सोनारानं दिलेल्या जोडाची, रेघ शोधावी. तोंडातली वाफ सोडली की डागाची जागा क्षणभर वेगळ्या रंगाची दिसते. वाढवलेली अंगठी खोटी नसते, पण घराण्याच्या नावासाठी जे जादा पैसे मागतात ते त्यानं कमी होतात. डबी, पिशवी, कार्ड यांवर विसंबू नये, ती सुटी विकत मिळतात. मूळ बिलावरचा क्रमांक अंगठीतल्या क्रमांकाशी जुळला तर त्याला खरी किंमत आहे.

खड्याकडे वळण्याआधी गावात चालणाऱ्या परीक्षा बाजूला ठेवू. दुधात नीलम टाकला की दूध निळं दिसतं म्हणतात. निळी काचही तेच करते. काचेवर ओरखडा काढणं निरर्थक, कारण कारखान्यात बनवलेलं माणिक खाणीतल्या माणकाइतकंच कठीण, दोघांचा कठीणपणा ९. काडी पेटवून खडा तापवणं तर पाप आहे. पाचू तडकतो आणि त्याच्या भेगांत भरलेलं तेल बाहेर येतं.

हे नीट समजून घ्या. कारखान्यातलं माणिक काचेचं नसतं. रसायन तेच, वजन तेच, चमक तीच. ज्वालेत पावडर वितळवून माणिक बनवायची व्हर्नुईची पद्धत १९०२ साली जाहीर झाली, म्हणजे आजोबांच्या काळातल्या अंगठीतही असा खडा असू शकतो. "जुनी आहे म्हणजे खाणीचीच" हे गणित इथे बसत नाही. फरक दिसतो तो फक्त खड्याच्या पोटात.

पोट असं पाहावं. अंगठी मागून उघडी असेल तर टॉर्च खालून लावा आणि भिंगातून खडा हळूहळू फिरवा. खाणीतल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ, कोनात मोडलेले असतात. बारीक सुया, बोटाच्या ठशासारखे पदर दिसतात. व्हर्नुई खड्यात जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणाच्या रेघा आणि गोल बुडबुडे असतात. अगदी स्वच्छ, मोठा, गडद आणि स्वस्त खडा दिसला तर शंका वाढवावी.

माणकात आणखी एक जात आहे आणि बाजारात ती भरपूर आहे: शिशाच्या काचेनं भेगा भरलेलं माणिक. मूळ दगड भेगाळलेला, अपारदर्शक असतो, त्यात काच भरली की लालभडक पारदर्शक होतो. अंगठी उजेडात थोडी थोडी तिरकी करत जा. एखाद्या कोनात भेगेतून निळसर झलक उडते आणि भेगेत चपटे बुडबुडे दिसतात. हा खडा लिंबाच्या रसानंही खराब होतो. त्याचा दर माणकाच्या दराशी जोडूच नये.

जोडखडा ओळखायला पांढरा कागद पुरतो. जुन्या जोडखड्यात वर गार्नेट या लाल खड्याचा पातळ काप आणि खाली रंगीत काच असते. खडा उलटा, तोंड खाली करून कागदावर ठेवला की कडेनं लाल कडं दिसतं. बाजूनं पाहिलं तर जोडाची रेघ आणि चमकेतला फरक कळतो. मागून बंद कोंदण असेल तर सावध व्हावं. आत चकाकी पन्नी असू शकते, तिनं फिका खडा गडद दिसतो. अशी अंगठी पाण्यात बुडवू नये, पन्नी काळी पडते.

यूव्हीखाली माणिक लाल पेटलं म्हणजे ते खरं, हेही अर्धवट आहे. कारखान्यातलं माणिकही पेटतं, आणि लोह जास्त असलेलं खाणीतलं माणिक मंदच राहतं. यूव्हीचा खरा उपयोग भेगांतलं तेल, राळ किंवा डिंक शोधायला होतो. बाजूच्या हिऱ्यांना पेनसारखं यंत्र लावतात. ते उष्णता मोजतं, म्हणून मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडाही त्यात हिरा म्हणून निघून जाऊ शकतो. मॉयसनाइट तिरकं धरून पाहिलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र भिंगानंही कळत नाही आणि पेननंही नाही. त्याची किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या कितीतरी खाली असते.

एवढं पाहून शंका उरली नाही तरी, खड्यासाठी मोठी रक्कम मोजायची असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. जीआयए आणि आयजीआय या प्रयोगशाळा मुंबईत आहेत, त्यांच्या अहवालाचा क्रमांक संकेतस्थळावर पडताळता येतो. विकणाऱ्यानं अहवाल दिलाच असेल तर त्यावरची लांबी, रुंदी, खोली कॅलिपरनं अंगठीतल्या खड्याशी जुळवा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे अहवाल दुसऱ्या खड्याचा असू शकतो. मग 'ट्रीटमेंट'ची ओळ वाचा. 'नॅचरल' याचा अर्थ खडा जमिनीतून निघाला, एवढाच. तापवलेला आहे की नाही, काच किंवा तेल भरलंय का, हे त्या ओळीत असतं, आणि दराचा सगळा खेळ तिथेच आहे. न तापवलेल्या चांगल्या नीलमचा भाव तापवलेल्यापेक्षा बराच वर जातो. अहवालात किंमत नसते, ती असावी अशी अपेक्षाही ठेवू नये. राशीच्या खड्यांसोबत मिळणारं लॅमिनेट केलेलं कार्ड, ज्यावर 'असली' आणि वजन एवढंच असतं, ते अहवाल नव्हे.

वजनाच्या बाबतीत रत्तीचा घोळ आहे. जुनी सुनारी रत्ती म्हणजे आपली गुंज: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. खड्यांच्या बाजारातली रत्ती साधारण ०.१८ ग्रॅम. "पाच रत्तीचा नीलम" पहिल्या हिशेबानं ३ कॅरेट आणि दुसऱ्यानं ४.५ कॅरेट होतो. बोलणी कॅरेटमध्येच करावी. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हा खड्याच्या वजनाचा कॅरेट, सोन्याच्या शुद्धतेचा नव्हे.

खडा काढायची गरज नसते. अंडाकृती खड्याचं वजन मापावरून काढता येतं: लांबी-रुंदीच्या सरासरीचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले घनता, गुणिले ०.००२०. नीलम-माणकाची घनता ४.०, पाचूची २.७२. ८ बाय ६ मिलिमीटर आणि ४ खोल असा नीलम घेतला तर सरासरी ७, तिचा वर्ग ४९, आणि वजन साधारण १.५७ कॅरेट, म्हणजे ०.३१ ग्रॅम.

आता सोन्याचा हिशेब. अंगठी एकूण ६.२० ग्रॅम, नीलम ०.३१, बाजूचे हिरे ०.३० कॅरेट म्हणजे ०.०६. निव्वळ धातू ५.८३ ग्रॅम. १८ कॅरेट असल्यानं ०.७५ नं गुणलं तर ४.३७ ग्रॅम शुद्ध सोनं. सराफ २२ कॅरेटच्या भावानं बोलत असेल तर तेच ४.७७ ग्रॅम होतं. ५.८३ ला थेट २२ चा भाव लावून आकडा सांगणारे भेटतात, तिथे थांबवायचं. हा आकडा म्हणजे मोडीचा तळ, यातूनही मोडताना घट कापली जाते. गहाण ठेवायची वेळ आली तर बँकही इतकंच धरते, खड्याचं आणि नावाचं काही नाही. जूनमध्ये पेरणीसाठी रोख लागली की अंगठीकडे पाहणाऱ्या घरानं हा तळ आधीच काढून ठेवावा.

तळाच्या वर खड्याचा भाव कॅरेटवर. तो सरळ रेषेत चढत नाही, ३ कॅरेटचा चांगला खडा १ कॅरेटच्या तिप्पट भावात मिळत नाही, त्याहून बराच महाग पडतो. त्यावर नावाचे पैसे, आणि ते नाव-क्रमांक शाबूत, माप न बदललेलं आणि बिल हाती असेल तरच द्यावेत. घडणावळ मात्र दुसऱ्यांदा विकताना जवळजवळ कुणी मोजत नाही. विम्यासाठी काढलेली किंमत नव्यानं घ्यायला लागणारी असते. विकणारा ती दाखवत असेल तर तिच्यावर सौदा करू नये.

खरेदीच्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्र, एकूण आणि निव्वळ वजन, खड्याची मापं, कोरलेला क्रमांक आणि अंगठीचा आतून-बाहेरून फोटो असावा. पैसे बँकेतून द्यावेत, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. "घाईत आहे, बिल नको" म्हणणाऱ्याकडून घेऊच नये.

आणि मग पुन्हा सोनार. अंगठी बोटाला होत नसेल तर ती त्याच्याकडेच जाणार. देताना खडा काय आहे, भरलेला आहे का, हे स्पष्ट सांगा. डाग देताना टाकणखार तापलेल्या माणिक-नीलमला लागला तर पैलूंची पॉलिश खातो. काच भरलेलं माणिक तेजाबात गेलं तर भेगा पांढऱ्या पडतात. पाचूला आच नको, गरम पाणी नको, अल्ट्रासॉनिक यंत्र नको. माप बदलण्याआधी खडा काढून वेगळ्या पुडीत ठेवायला सांगा, पुडीवर वजन लिहा, आणि परत बसवल्यावर खडा धरणारी नखं भिंगातून एकेक करून पाहा. बारीक सुती दोरा नखावरून ओढला आणि अडकला, तर ते नख नीट दाबलेलं नाही.