पुणे–दिल्ली उल्केवरून: १४४ मेगाहर्ट्झचा हिशेब

उल्का जळते तेव्हा साधारण ८५ ते १०५ किलोमीटर उंचीवर तिच्या मागे मुक्त इलेक्ट्रॉनांची लांब रेघ उरते. हौशी रेडिओवाल्यांचा (हॅम) १४४ मेगाहर्ट्झचा सिग्नल त्या रेघेवरून परततो, पण बहुतेक वेळा सेकंदाच्या एक-दोन दशांशापुरताच. तेवढ्यात संदेश पलीकडे पोचवायचा असतो. पल्ला जास्तीत जास्त २,२०० किमीच्या आसपास. पुणे ते दिल्ली, म्हणजे हॅमच्या नकाशा-चौकटींच्या भाषेत एमके६८ ते एमएल८८, हे अंतर सुमारे १,१७५ किमी. उल्कांसाठी अगदी सोयीचं.

५० मेगाहर्ट्झवर काम सोपं जातं, हे मान्य. परावर्तनाचा टिकाव तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे तीच रेघ तिथे आठपट वेळ ऐकू येते. पण ५० ची यागी (एका दिशेला रोखायची, दांड्यांची अँटेना) प्रत्येकाच्या गच्चीवर मावत नाही. १४४ ची पाच एलिमेंटची (आडव्या दांड्यांची) यागी दोन मीटरच्या बूमवर, म्हणजे मधल्या लांब दांड्यावर होते.

मोड (संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) एमएसके१४४, संगणकावरचं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स. एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण संदेश, ७२ मिलिसेकंदांची असते आणि १५ सेकंदांच्या पाळीत (एक पाळी आपण पाठवायचं, पुढची समोरच्याने) तोच संदेश दोनशेहून जास्त वेळा जातो. म्हणून उल्का पाळीत कधीही पडली तरी चालते. सिग्नल सुमारे २,४०० हर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे रिग (रेडिओ सेट) यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड मोडची हवी. फक्त एफएम असलेला मोबाइल सेट इथे निरुपयोगी. एफटी-८५७ किंवा एफटी-९९१ सारख्या रिगचे ५० वॅट पुरतात. पाळीपाळीने निम्मा वेळ पूर्ण पॉवर जाते, म्हणून रिगला हवा लागू द्या. संगणकातून रिगला जाणाऱ्या ऑडिओची पातळी एएलसीचा (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हलायच्या आत ठेवा.

रिसीव्ह बाजूला जास्त जीव ओता. फिल्टर सगळ्यात रुंद, नॉइज ब्लँकर बंद (तो पिंगलाच, म्हणजे उल्केवरून आलेल्या क्षणिक सिग्नललाच खरखर समजून कापतो), एजीसी (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारं सर्किट) फास्ट किंवा बंद. केबलचा हिशेब तर कठोरपणे करा. १४४ वर २० मीटर आरजी-५८ सुमारे ४ डीबी खाते, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर तारेतच संपते. तेवढीच आरजी-२१३ दोन डीबीच्या आत राहते. अँटेनाजवळ प्रीअँप (आलेला सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) लावणार असाल तर ट्रान्समिटच्या आधी तो बायपास होईल असा सीक्वेन्सर लावाच, नाहीतर पहिल्याच पाळीत प्रीअँप जळेल.

आता उंची. ‘अँटेना जितकी वर तितकी चांगली’ हे इथे खरं नाही. पुणे–दिल्लीचा मध्य उज्जैनच्या उत्तरेला येतो. त्यावर १०० किमी उंचीवरच्या उल्केकडे पाहायला पुण्यातून सुमारे ७ अंशांचा कोन लागतो. मोकळ्या सपाट जमिनीवर १० मीटर उंचीच्या यागीची पहिली पाकळी (सिग्नल सर्वाधिक जातो तो कोन) ३ अंशांवर येते आणि ६ अंशांवर जवळजवळ शून्य! तीच यागी साडेचार मीटरवर आणली की पाकळी साडेसहा अंशांवर बसते. दोन हजार किमीच्या संपर्काला मात्र एका अंशाच्या आसपासचा कोन लागतो. तिथे उंची आणि मोकळं क्षितिज दोन्ही हवं. यागी खूप लांबही नको. अरुंद बीममध्ये आकाशाचा तुकडाच लहान येतो, आणि चांगल्या उल्का बहुतेक वेळा सरळ रेषेवर नसून तिच्या दोन्ही बाजूंना सापडतात.

वेळ पहाटेची. पृथ्वीची पुढची बाजू तेव्हा उल्कांना सामोरी असते. सकाळी सहाच्या सुमारास तुरळक उल्का सर्वाधिक आणि संध्याकाळी सहाला सर्वांत कमी. त्यामुळे वर्षावाची वाट पाहायची गरज नाही, रोजची पहाट कामाला येते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा जेमिनिड वर्षाव आला तर उद्गमबिंदूकडे (आकाशातल्या ज्या बिंदूपासून उल्का निघाल्यासारख्या दिसतात त्याकडे) लक्ष द्या. तो डोक्याजवळ असताना फायदा कमी. ४५ अंशांच्या आसपास आणि मार्गाला काटकोनात असताना सगळ्यात जास्त. या मार्गासाठी ते गणित पहाटे साडेपाचच्या सुमारास जुळतं, तेव्हा उद्गमबिंदू पश्चिम-वायव्येला उतरलेला असतो. रात्री साडेअकरालाही तो त्याच उंचीवर असतो, पण दिशा तितकी जुळत नाही.

फ्रिक्वेन्सी, कोण आधी पाठवणार आणि पाळी किती सेकंदांची हे समोरच्याशी आधीच ठरवा. युरोपात १४४.३६० वापरतात. एका शहरातल्या सगळ्यांनी एकाच पाळीत ट्रान्समिट करावं, नाहीतर शेजारीच एकमेकांचे कान बंद करतील. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवा, सेकंदाची चूकही नको. मग सॉफ्टवेअरमधला ऑटो सीक्वेन्स (पुढचा संदेश आपोआप निवडणारी सोय) चालू करून थांबा. अर्धा-पाऊण तास लागणं सामान्य आहे. दोन्ही कॉलसाइन (स्टेशनांची ओळख-अक्षरं), सिग्नलचा रिपोर्ट आणि आरआरआर (‘सगळं मिळालं’ ही पोच) हवेतून मिळाल्याशिवाय क्यूएसओ, म्हणजे संपर्क पूर्ण नाही. मधेच व्हॉट्सअॅपवर ‘रिपोर्ट आला का?’ असं विचारलंत की तो संपर्क बाद. याबाबत सवलत नको.

बराच वेळ काहीच डिकोड होत नसेल तर सॉफ्टवेअरमधला फास्ट ग्राफ (आलेल्या सिग्नलचं चित्र) बघा. उभ्या चमकत्या रेघा दिसतात पण डिकोड नाही, असं असेल तर फ्रिक्वेन्सी सरकलेली असते. एफ टॉल (फ्रिक्वेन्सीतला किती फरक चालेल ती मर्यादा) २०० हर्ट्झपर्यंत वाढवा, रिग अर्धा तास आधी चालू ठेवा. रेघाच नाहीत आणि पार्श्वभूमी भरलेली आहे तर घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करून बघा. आणि सहा-सातशे किमीच्या आतल्या स्टेशनचा सिग्नल सलग अर्धा मिनिट टिकून हळूहळू सरकत असेल, तर ते विमान आहे. लॉगमध्ये त्याची नोंद उल्का म्हणून करू नका.