कीबोर्ड ठणठणीत होता

तो लॅपटॉप तिसऱ्यांदा आला. जॉबकार्डावर दोनच शब्द : 'कीबोर्ड डेड'. ग्राहक पाच मिनिटं सांगतो, त्याचं आमच्या काउंटरवर एवढंच उरतं.

झाकण ३६० अंशांत मागे उलटून टॅबलेट होणारं मशीन. पहिल्या खेपेला आमच्या टेबलावर सगळी बटणं चालली, परत पाठवलं. दुसऱ्यांदा मी मॅडमना फोनवरूनच यूएसबी कीबोर्ड जोडून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, शिरायला लावलं. तिथेही लॅपटॉपची बटणं मुकी. म्हणजे विंडोजचा दोष नाही, कीबोर्डच गेला, असा माझा हिशेब. या मशीनचा कीबोर्ड स्क्रूवर नसतो, वरच्या पत्र्याला प्लास्टिकचे ठिपके वितळवून बसवलेला असतो. त्यामुळे पत्र्यासकट अख्खा बदलला. सगळं मशीन उकलून, एकही क्लिप न मोडता. त्याचा मला अभिमानही वाटला होता!

तिसऱ्यांदा मात्र त्यांच्या टेबलापाशी गेलो. त्या म्हणाल्या, "आणि उचललं की स्क्रीन आपोआप आडवी होते. मी आधीच सांगितलं होतं."

तिथेच चमकलो. हे मॉडेल लॅपटॉपसारखं उघडलेलं असताना स्क्रीन फिरतच नाही. फिरते याचा अर्थ मशीन स्वतःला टॅबलेट समजतंय. झाकण किती वळलं, तो कोन काही मशीन झाकण आणि तळ, दोन्हींतल्या सेन्सरवरून काढतात. याच्यात झाकणात चुंबक आणि तळाशी ते चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. झाकण पूर्ण मागे वळलं की चुंबक सेन्सरपाशी येतं आणि मशीनमधला छोटा कंट्रोलरच कीबोर्ड-टचपॅड तोडतो, नाहीतर मागे गेलेली बटणं बोटांनी दाबली जातील. हे विंडोजच्या खालीच घडतं, म्हणून बायोसमध्येही बटणं मुकी. यूएसबी कीबोर्डला तो हात लावत नाही.

पण इथे तर झाकण सरळ उघडं होतं. खाली पाहिलं. स्क्रीन उंच यावी म्हणून मॅडमनी मशीन एका जुन्या, बंद लॅपटॉपवर ठेवलं होतं. त्याच्या झाकणातलं चुंबक बरोब्बर आमच्या सेन्सरखाली. तो काढला, बटणं जिवंत. परत ठेवला, मुकी. चारदा करून पाहिलं. चौथ्यांदा गरज नव्हती.

"मग मागच्या वेळी तुम्ही बदललंत काय?" त्यांनी विचारलं.

परत आल्यावर भंगाराच्या खोक्यातून तो जुना कीबोर्ड शोधला आणि तसल्याच एका मशीनला जोडला. एकूण एक बटण चाललं.