ड्रायव्हरच्या शाफ्टची लांबी: उंचीवर किती, मनगटावर किती

नवा ड्रायव्हर, म्हणजे टीवरून लांब फटका मारायचा क्लब, घेण्याचे ठरले की गोल्फ खेळणारा माणूस लॉफ्टवर (फेसच्या कलावर) तासभर चर्चा करतो, फ्लेक्सबद्दल (शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या लवचीकपणाबद्दल) चार जणांचा सल्ला घेतो, क्लबहेडच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या डोक्याच्या रंगावरही त्याचे ठाम मत असते, लांबीचा विषय मात्र "माझी उंची अमुक आहे, मग किती इंचांचा घेऊ?" एवढ्या एका प्रश्नात आटोपतो. प्रश्न रास्त आहे, पण उंचीच्या प्रमाणात शाफ्टही वाढायला हवा, असे त्यात धरूनच चाललेले असते. माझ्या मते उंचीचा आणि ड्रायव्हरच्या लांबीचा संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच क्षीण आहे, आणि बहुतेक हौशी खेळाडूंच्या हातातला ड्रायव्हर, ते उंच असोत वा ठेंगणे, त्यांना झेपेल त्यापेक्षा लांबच असतो.

संबंध क्षीण का, याचे कारण साधे आहे: क्लब डोक्याने नव्हे, हातांनी धरतात. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात, त्यामुळे दोघांच्या उंचीत सहा इंचांचा फरक असला तरी हात खाली सोडल्यावर त्यांच्या मनगटांच्या पातळीत ढोबळमानाने तीनच इंचांचा फरक उरतो. त्यातही सारख्याच उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे हात लांब आणि पाय आखूड, तर दुसऱ्याचे नेमके उलटे, असे सर्रास आढळते. म्हणून फिटर, म्हणजे खेळाडूच्या मापाने क्लब जुळवून देणारे लोक, आधी मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर घेतात आणि उंची त्याच्या जोडीला पाहतात. हे माप घरीही घेता येते. खेळताना घालतो तेच बूट घालून सपाट जमिनीवर ताठ उभे राहावे, दोन्ही हात सैल सोडावेत आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्यावे. स्वतःच टेप धरून वाकायला गेले की खांदा कलतो आणि माप तिथेच चुकते. सुमारे पावणेसहा फूट उंचीच्या पुरुषाचे हे अंतर साधारण ३४ ते ३५ इंच भरते. ते यापेक्षा बरेच कमी किंवा जास्त आले तरी फिटर सहसा प्रचलित लांबीत अर्धा ते एक इंच इतकाच बदल सुचवतात. उंचीवरून लांबी ठरवण्याचा सगळा खेळ एवढ्या मर्यादेत चालतो.

उंच खेळाडूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिशवीतला सर्वांत लांब क्लब ड्रायव्हरच असतो आणि त्याचा चेंडूही टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, जमिनीपासून वर असतो. आखूड क्लबांमुळे कमरेतून जास्त वाकावे लागण्याचा जाच उंच माणसाला आयर्न खेळताना होतो, ड्रायव्हर खेळताना फारसा होत नाही. पाठ दुखते म्हणून लांब ड्रायव्हर घेणारे लोक मला भेटले आहेत. तोच पैसा त्यांनी आयर्नच्या लांबीवर आणि लाय अँगलवर (शाफ्ट आणि जमीन यांतल्या कोनावर) खर्च केला असता तर अधिक उपयोग झाला असता.

आता दुकानात मिळणाऱ्या लांबीकडे पाहू. पुरुषांसाठीचे आजचे तयार ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांचे किंवा त्याहून किंचित लांब असतात. पोलादी शाफ्टच्या काळात हीच लांबी ४३ ते साडेत्रेचाळीस इंच होती. दरम्यान माणसांची उंची दोन इंचांनी वाढलेली नाही; शाफ्ट मात्र हलके झाले. पोलादी शाफ्टचे वजन १२० ग्रॅमच्या आसपास असे, तर आजचे ग्रॅफाइटचे शाफ्ट पन्नास-साठ ग्रॅमचेही असतात, त्यामुळे क्लब लांब करूनही तो एकंदरीत हलकाच राहतो. लांब क्लबचे टोक वेगाने फिरते आणि दुकानातल्या जाळीसमोर दहा चेंडू मारले की त्यातला एखादा पडद्यावर डोळे दिपवणारा आकडा दाखवून जातो. गिऱ्हाईक त्या एका आकड्याचे पैसे मोजते, खेळायला मात्र उरलेल्या नऊ फटक्यांसह मैदानावर उतरते.

त्या नऊ फटक्यांचे गणित असे. चेंडूच्या वेगाला क्लबहेडच्या वेगाने भागले की येणाऱ्या आकड्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत तो दीडच्या आसपास जाऊन थांबतो. एका खेळाडूचा क्लबहेड ताशी ९५ मैलांनी फिरतो आणि फटका फेसच्या, म्हणजे क्लबहेडच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या, मध्याजवळ बसून स्मॅश फॅक्टर १.४८ येतो असे समजू. चेंडूचा वेग ताशी सुमारे १४०.६ मैल होईल. त्याच खेळाडूने लांब शाफ्ट घेऊन क्लबहेडचा वेग ताशी ९७ मैलांवर नेला, पण फटका 'टो'कडे, म्हणजे फेसच्या बाहेरच्या टोकाकडे, सरकल्याने स्मॅश फॅक्टर १.४२ वर आला, तर चेंडूचा वेग ताशी १३७.७ मैलच भरेल. वेग वाढूनही चेंडू मागे पडला, शिवाय 'टो'वर बसलेला चेंडू डावीकडे आणि 'हील'वर, म्हणजे शाफ्टच्या बाजूच्या टोकावर, बसलेला उजवीकडे वळण्याची प्रवृत्ती असते, ती वेगळीच. डावखुऱ्यांनी दिशा उलट समजाव्यात. क्लबहेडमुळे फिरण्याला होणारा विरोध हातांपासून त्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेत्रेचाळीसवरून साडेपंचेचाळीस इंचांवर गेल्यास हा विरोध ढोबळमानाने नऊ टक्क्यांनी वाढतो, आणि फेस वेळेत सरळ करायला हातांना तेवढे जास्त झगडावे लागते.

व्यावसायिक खेळाडूंकडे पाहिले तर उंचीचा हिशेब आणखीच विस्कटतो. टायगर वूड्सची उंची सहा फुटांहून अधिक, तरीही कारकिर्दीच्या सुरुवातीची वर्षे तो पोलादी शाफ्टचा साडेत्रेचाळीस इंचांचा ड्रायव्हर वापरत होता. त्याच्याहून बऱ्यापैकी ठेंगण्या रिकी फाउलरने २०१७ मध्ये तेवढ्याच लांबीचा ड्रायव्हर वापरला. जिमी वॉकर हाही सहा फुटांहून उंच, आणि त्याच वर्षी त्याच्या हातात ४२ इंचांचा ड्रायव्हर होता. दुसऱ्या टोकाला फिल मिकल्सनने २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप वयाच्या पन्नासाव्या वर्षी जिंकली, तेव्हा त्याचा ड्रायव्हर ४८ इंचांच्या अगदी जवळ होता. नियमांनुसार पटर (चेंडू छिद्रात ढकलायचा क्लब) वगळता कोणत्याही क्लबची कमाल लांबी ४८ इंच आहे, पण २०२२ पासून वरच्या पातळीवरच्या स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणणारा स्थानिक नियम लावता येतो, आणि पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने, तो लावला. इयन वूस्नमची उंची साडेपाच फुटांहूनही कमी, तरीही तो त्याच्या काळातल्या लांब मारणाऱ्यांत गणला जाई आणि १९९१ ची मास्टर्स त्याने जिंकली. ठेंगण्या वाचकांना उत्तेजन म्हणून हे नाव मी मुद्दाम घेतले आहे.

तेव्हा लांबी ठरवायची ती फेसवरच्या खुणांवरून. पायांवर मारायची पावडरची फवारणी फेसवर पातळ थरात मारली की प्रत्येक फटक्याचा गोल ठसा लख्ख उमटतो. नेहमीची टी, नेहमीचा स्विंग ठेवून सात-आठ चेंडू मारावेत आणि फेस न पुसता सगळे ठसे एकत्र पाहावेत. ठसे दाटीने एकाच बाजूला असतील, तर शाफ्टला दोष देण्याआधी चेंडूपासून आपण किती लांब उभे राहतो ते तपासावे. ठसे वरखाली विखुरले असतील, तर आधी टीच्या उंचीचा विचार करावा. पण ते 'टो'पासून 'हील'पर्यंत आडवे पसरलेले असतील, तर शाफ्टच्या लांबीवर संशय घ्यायला जागा आहे. मग फेस ओल्या फडक्याने पुसावा, ग्रिपच्या वरच्या टोकापासून एक इंचावर चिकटपट्टीची खूण करावी आणि दोन्ही हात त्या खुणेच्या खाली ठेवून पुन्हा तेवढेच चेंडू मारावेत. ठसे जवळ आले आणि सरासरी अंतर तेवढेच राहिले किंवा वाढले, तर उत्तर मिळाले. सरासरी म्हणताना फसलेले फटकेही धरायचे असतात. इथे भलेभले स्वतःला सवलत देतात.

मी स्वतः सव्वापाच फुटांचा आहे आणि ४४ इंचांचा ड्रायव्हर वापरतो. माझ्याबरोबर खेळणारा एक सहा फुटी गृहस्थ माझ्याहून आखूड ड्रायव्हर वापरतो आणि फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर, माझ्याहून जास्त वेळा असतो.

आखूड ड्रायव्हर आवडला की लगेच करवत हातात घेऊ नये. आधी आहे तो क्लब मोजावा, कारण छापलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांत फरक निघू शकतो. क्लब चेंडूसमोर ठेवतो तसा सोल (क्लबहेडचा तळ) टेकवून ठेवावा आणि हीलपाशी जमिनीपासून शाफ्टच्या मागून ग्रिपच्या टोपीपर्यंत टेप लावावा. नियमांतल्या पद्धतीत यासाठी ६० अंशांत कललेला पृष्ठभाग वापरतात. घरगुती मापासाठी एवढी काटेकोरपणाची गरज नाही. कापणे ग्रिपच्या बाजूनेच करायचे, त्यामुळे ग्रिप काढून पुन्हा बसवावी लागते. एक इंच कापला की स्विंगवेट (क्लब फिरवताना टोकाचे जाणवणारे वजन) साधारण सहा अंकांनी उतरते, म्हणजे त्याच्या अक्षर-अंकी मोजपट्टीवर डी३ चा क्लब सी७ होतो आणि टोकाला काही आहे की नाही असे वाटू लागते. ते भरून काढायला क्लबहेडवर सुमारे १२ ग्रॅम वजन वाढवावे लागते, लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावून किंवा सोलमधला वजनाचा स्क्रू बदलून. कुणी हलक्या टोकावरच खूश असेल तर त्याने वजन लावू नये, पण अनेकांचा ताल बिघडतो तो याच ठिकाणी, आणि खापर फुटते आखूड शाफ्टवर. म्हणून कापायचे तर अर्धा इंच कापावे, काही दिवस खेळावे, मग पुढचा अर्धा.

ठेंगण्या पुरुषांना कधी कधी महिलांचा ड्रायव्हर घेण्याचा सल्ला मिळतो, कारण तो इंचभर आखूड असतो. मात्र त्याचा शाफ्टही बराच लवचीक आणि हलका असतो. ज्याचा स्विंग जोरकस आहे त्याने निव्वळ लांबीसाठी तो घेऊ नये. मोठ्यांचा ड्रायव्हर कापून मुलांना देणे त्याहून वाईट, कारण क्लबहेडचे वजन तेच राहते आणि कापलेला शाफ्ट आणखी ताठर होतो.

ज्यांचे हात खरोखरच उंच राहतात आणि ठसेही लांबीच्या बाजूने कौल देतात, त्यांना ग्रिपखाली एक्स्टेन्शन बसवून अर्धा ते एक इंच लांबी वाढवता येते. तेव्हा स्विंगवेट उलट दिशेने चढते, म्हणून हलक्या वजनाचा स्क्रू आधीच मागवून ठेवावा, आणि स्पर्धा खेळत असाल तर तिथे ४६ इंचांची अट लागू आहे का, हे आयोजकांना विचारून मगच जुनी ग्रिप कापावी.