बॅटरी बदलच म्हणाले होते, मी आधी मोजून बघितली

तीन आठवडे बाहेर होतो, माझी बाईक कव्हर टाकून उभी होती. परत आल्यावर चावी फिरवली तर न्यूट्रलचा दिवा अगदी काजव्यासारखा मिणमिणला, मीटरचा काटा अर्ध्यात जाऊन थबकला आणि सेल्फ दाबला की सीटखालून नुसतं कटकटकटकट. मोटर फिरायचं नाव नाही. माझ्या गाडीला किक नाही, म्हणून दोघांनी मिळून सेकंड गिअरमध्ये टाकून ढकलून पाहिली, घामाघूम झालो पण उपयोग शून्य. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी इतकी उतरलेली असली की पेट्रोलचा पंपच प्रेशर देत नाही, चावी दिल्यावर जो बारीक घुंईं आवाज येतो तोही नव्हता, तो आवाज नाही म्हणजे धक्का मारण्यात अर्थ नाही हे त्या दिवशी पक्कं कळलं.

मेकॅनिकला फोन केला, त्याने लक्षणं ऐकून लगेच सांगितलं की बॅटरी गेली, नवीन टाका. पण बॅटरी जेमतेम दीड वर्षाची होती आणि मला ते काही केल्या पटेना. दीड वर्षात का गेली हे कळल्याशिवाय नवीन टाकली तर तीही तशीच जाणार ना. म्हणून मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजायचं मीटर, काढलं.

सीट काढून मीटरच्या दोन टोकदार वायरी, म्हणजे प्रोब, बॅटरीला लावले तर ८.९ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल, म्हणजे खाने, असतात, प्रत्येक साधारण २.१ चा, त्यामुळे भरलेली निवांत बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ वर आली की जेमतेम पाव राहिलेली समजायची आणि ११.८ च्या खाली रिकामीच. ८.९ बघून पोटात गोळा आला खरा, पण चार्ज न केलेल्या बॅटरीचा हा आकडा फक्त ती रिकामी आहे एवढंच सांगतो, ती मेली आहे का ते सांगत नाही. ते चार्ज करून, मग विसावा देऊन परत मोजल्यावरच कळतं.

बॅटरी बाहेर काढली. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह, हे मी प्रत्येक वेळी मनात म्हणतो, कारण उलट केलं आणि पाना चुकून चासीला टेकला तर सरळ शॉर्ट. डबा फुगलेला नव्हता, कुठे चीर नव्हती, ओल नव्हती. डबा फुगलेला असता तर मी पुढे काहीच केलं नसतं, फुगलेली किंवा गळकी बॅटरी चार्ज करायचीच नाही. निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरी निळसर भुकटी मात्र चांगलीच साठली होती. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासली, फसफसून वर आली, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी केली. खाली शिसं चकचकीत दिसलं. केबलच्या टोकाच्या लगला (टर्मिनलवर बसणाऱ्या कडीला) पण बारीक पॉलिश पेपर मारला, कारण दोघांच्या मधला थर राहिला तर एकट्या बॅटरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

माझी सीलबंद मेंटेनन्स फ्री आहे, ती उघडायची नाही. ज्यांच्याकडे पाण्याची आहे त्यांनी आधी प्रत्येक खान्याची लेव्हल बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आत्ता घाला आणि वरच्या रेघेपर्यंत चार्ज झाल्यावर भरा, ॲसिड नाही. पाणी उडून जातं, ॲसिड तिथेच राहतं, त्यामुळे वरून ॲसिड ओतलं तर ते जास्त तीव्र होऊन प्लेटांची वाट लागते.

आता चार्जिंग. स्मार्ट चार्जर लावला तर लाल दिवा लुकलुकला आणि बंद. दोनदा, तीनदा, तेच. हे चार्जर व्होल्टेज खूप खाली असेल तर बॅटरी खराब समजून चार्ज करायला नकारच देतात, आणि बहुतेक लोक इथेच हात टेकतात असं मला वाटतं. मग मी एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी आणली, फ्यूज असलेल्या जाड वायरने प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडली आणि चार्जर माझ्या बॅटरीवर लावला. चार्जरला १२ च्या आसपास दिसलं आणि त्याने सुरुवात केली. डोळ्याला गॉगल, खिडक्या उघड्या, दर पाच मिनिटांनी डब्याला हात लावून बघत होतो की गरम होतेय का, झाली असती तर लगेच सोडवली असती. वीसेक मिनिटांनी चांगली बॅटरी काढून घेतली तरी चार्जर चालूच राहिला. चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो, म्हणून जोडताना आणि सोडताना चार्जर आधी बंद करायचा, ठिणगीला वावच ठेवायचा नाही.

बॅटरी ९ अँपिअर अवरची (ही तिची क्षमता), म्हणून त्याचा दहावा भाग, साधारण ०.९ अँपिअर, एवढ्याच करंटने. घाई करून मोठा चार्जर लावला तर लहान बॅटरी आतून तापते. रात्री उशिरा हिरवा दिवा लागला. लगेच मोजलं तर १३.१, मन हरखलं, पण हा आकडा धरायचाच नसतो. नुकती चार्ज झालेली बॅटरी काही तास आकडा फुगवून दाखवते. सकाळी मोजलं तर १२.४. म्हणजे भरली नव्हती. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे बसतात, जितके दिवस जास्त तितके घट्ट, आणि ते एका दमात सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत तेवढ्याच हळू करंटने लावली, रात्रभर विसावा, तर १२.६२. तेव्हा मात्र खूप बरं वाटलं.

एका मित्राच्या गाडीचं उलट झालं होतं. त्याने दोन दिवस चार्ज केली तरी विसाव्यानंतर दर वेळी १०.५ च्या आसपासच. ५ सेल गुणिले २.१, हिशोब सरळ आहे, एक सेल आतून शॉर्ट झालेला. तिथे कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही, तिथे बदलणं हाच उपाय.

नुसतं व्होल्टेज पण फसवतं म्हणून लोड दिला. बॅटरी गाडीत बसवली, प्रोब टर्मिनलवर धरले आणि सेल्फ मारला. आकडा १०.४ पर्यंत खाली गेला आणि गाडी सुरू झाली. मोटर फिरताना साडेनऊच्या खाली कोसळली असती तर आत दम नाही असं समजलो असतो. गाडी चालूच ठेवून पुढचं मोजलं, आयडलला १३.३, थ्रॉटल देऊन चारेक हजार आरपीएमला १४.२. म्हणजे चालत्या इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर आणि ती बॅटरीजोगी डीसी करणारा रेक्टिफायर दोन्ही ठीक. इथे १३ च्या खालीच राहिलं असतं तर बॅटरी भरतच नाही असा अर्थ, आणि १५ च्या वर गेलं असतं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून बॅटरीला जाळतोय.

मग उतरली कशी? बॅटरी पण ठीक, चार्जिंग पण ठीक, तरी तीन आठवड्यांत ८.९. खरं काम इथे होतं आणि बॅटरी बदलून मोकळं झालो असतो तर हे कधीच सापडलं नसतं. चावी बंद करून निगेटिव्ह केबल काढली आणि मल्टीमीटर आधी १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये जोडला, आकडा बारीक आहे हे बघून मिलीअँपिअरवर आणला. (मीटर असा मध्ये जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फला तर हातही लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.) ४१ मिलीअँपिअर. चावी बंद असताना घड्याळ वगैरेला एक-दोन मिलीअँपिअर जाणं चालतं, ४१ नाही. एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलेना. सगळे फ्यूज काढले तरी ४१. म्हणजे जे खातंय ते फ्यूजबॉक्सच्या आधीच, थेट बॅटरीवर.

आणि डोळ्यासमोरच होतं. हँडलवरचं मोबाईल चार्जिंगचं सॉकेट, त्यात निळा व्होल्टेजचा डिस्प्ले, मीच दोन महिन्यांपूर्वी बसवलेलं, वायर थेट बॅटरीला. मोबाईल लावलेला नसला तरी डिस्प्ले आणि आतलं सर्किट चोवीस तास चालू. त्याची पॉझिटिव्ह वायर सोडवली आणि मीटर एकदम १ वर आला. कागदावर मांडलं, ४१ मिलीअँपिअर गुणिले २४ तास, दिवसाला जवळपास १ अँपिअर अवर. ९ ची बॅटरी, पूर्ण भरलेली धरली तरी नऊ दिवसांत संपली आणि मी एकवीस दिवस नव्हतो. रोज गाडी चालवत होतो तेव्हा रोजच्या रोज भरून निघत होतं म्हणून कळलंच नाही.

सॉकेट आता रिलेमधून (सिग्नल मिळाला की चालू होणारा स्विच) घेतलंय, रिलेला सिग्नल चावीच्या लाईनवरून, बॅटरीच्या अगदी जवळ वेगळा फ्यूज. चावी बंद की सॉकेट बंद. बॅटरी पूर्वीइतकी राहिली नाहीये हे पण सांगतो, एवढी खोल उतरली की थोडी क्षमता कायमची जाते, गार सकाळी सेल्फ पहिल्यापेक्षा किंचित जड फिरतो. पण त्यानंतर एकदा आठ दिवस गाडी हललीच नव्हती, नवव्या दिवशी सकाळी सीट उघडून मोजलं तर १२.५४, चावी दिली, पंपाचा तो घुंईं आवाज आला आणि पहिल्याच दाबात सुरू झाली.