लूव्हेस्टाइन: जकातीचा किल्ला, कैद्यांचा किल्ला

लूव्हेस्टाइनला बोटीनेच जा. रस्त्यानेही पोचता येतं, पण मग हा किल्ला इथे का आहे हे नीट कळत नाही. नेदरलँड्समधली वाल नदी आणि मास नदीचा जुना प्रवाह जिथे मिळतात, त्या टोकावर तो उभा आहे. नदीपलीकडच्या गोरिंखेम गावाच्या धक्क्यावरून फेरी सुटली की आधी नुसतं रुंद, मातकट पाणी दिसतं, त्यावरून संथ चाललेली लांबलचक मालवाहू जहाजं दिसतात, आणि मग झाडांमागून विटांचे बुरूज वर येतात. डिर्क लूफ फान होर्न या सरदाराने चौदाव्या शतकात, १३५७ ते १३६८च्या दरम्यान, हा किल्ला बांधला. संगमावर बसलं की दोन्ही नद्यांवरची जहाजं नजरेच्या टप्प्यात. अडवायची आणि जकात घ्यायची.

आपल्याकडचे बहुतेक गड कड्यांच्या भरवशावर उभे. इथे कडा सोडाच, टेकाडही नाही. नगरचा भुईकोट पाहिला असेल तर अंदाज येईल: सपाट जमीन आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक. स्पेनविरुद्धच्या डच बंडात, सोळाव्या शतकात, मूळ किल्ल्याभोवती मातीचे जाडजूड तट आणि आणखी पाणी आलं. विटांच्या उंच भिंती तोफांपुढे टिकत नाहीत, मातीचा तट गोळा गिळतो. म्हणून आत शिरायच्या आधी तटावरून पूर्ण फेरी मारा. मधला मध्ययुगीन गाभा आणि बाहेरची तोफांच्या काळातली तटबंदी, दोन्ही वरून स्वच्छ वेगळी दिसतात.

पण मी गेले होते ते ह्यूगो ग्रोशियससाठी. १६१९मध्ये किल्ल्याचं सरकारी तुरुंगात रूपांतर झालं आणि त्याच वर्षी हा कायदेपंडित जन्मठेप भोगायला इथे आला. धर्माचा वाद आणि राजकारण यांची गाठ पडली होती. डच सेनापती प्रिन्स मॉरिसच्या विरोधात गेलेल्या ओल्डेनबार्नेवेल्ट या ज्येष्ठ मुत्सद्द्याचं शिर उडवलं गेलं, त्याच्या बाजूच्या ग्रोशियसला इथे डांबलं. पत्नी मारिया फान रायगर्सबेर्ख हिने नवऱ्यासोबत कोठडीत राहणं पत्करलं. त्याला वाचायला पुस्तकं मिळत. ती पेटीतून येत, वाचून झालेली पेटीतूनच परत जात. सुरुवातीला पहारेकरी पेटी उघडून बघत, पुढे पुढे कंटाळले. ते मारियाने बरोबर हेरलं.

२२ मार्च १६२१. किल्लेदार बाहेरगावी होता. ग्रोशियस पेटीत शिरला. पेटीत पाय पोटाशी घेऊन निपचित पडायचं, हे त्याने आधी करून पाहिलं होतं. शिपायांनी पेटी उचलताना जड लागते म्हणून कुरकुर केली, असं सांगतात. नवरा आजारी पडून आहे असं भासवत मारियाने बिछान्याचा पडदा ओढून घेतला आणि ती मागे थांबली. पेटीसोबत होडीत बसली ती घरची तरुण मोलकरीण, एल्स्ये फान हाउवेनिंग. पकडली गेली असती तर तिला वाचवायला कुणी प्रतिष्ठित नातेवाईक नव्हते. तिने पेटी गोरिंखेममध्ये ओळखीच्या घरी सुखरूप पोचवली. तिथून गवंड्याच्या वेषात ग्रोशियस अँटवर्पला आणि पुढे पॅरिसला गेला. मारियालाही नंतर सोडून दिलं. पळाला तो ग्रोशियस म्हणून त्याचं नाव झालं, पण डोकं मारियाचं आणि छाती एल्स्येची. त्या खोलीच्या खिडकीशी उभं राहिल्यावर मला या दोघीच जास्त दिसल्या. ‘खरी पेटी आमचीच’ असं म्हणणारी संग्रहालयं एकाहून जास्त आहेत; त्या वादात पडू नका.

या माणसाचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. १६०३मध्ये डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं सांता कातारीना हे जहाज पकडलं. त्याचं समर्थन करायचं काम डच ईस्ट इंडिया कंपनीने तरुण ग्रोशियसला दिलं आणि त्यातून १६०९चा ‘मारे लिबेरुम’ हा ग्रंथ आला: समुद्र कुणा एकाचा नाही. ज्या पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय कोकणची गलबतं बाहेर पडू शकत नसत, त्यांच्याच दाव्याला हे उत्तर होतं. त्याच डच कंपनीची १६३७ची वखार वेंगुर्ल्यात आजही पडक्या अवस्थेत उभी आहे. गोव्यावर नजर ठेवायला ती सोयीची होती.

किल्ला तुरुंग म्हणून नंतरही चालू राहिला. १६६६च्या सागरी युद्धात पकडलेला इंग्रज दर्यावर्दी सेनानी जॉर्ज आयस्क्यू इथेच होता. पुढे किल्ला जलरेषेचा भाग झाला: शत्रू आला की बांध फोडून शेतांत गुडघाभर पाणी सोडायचं. त्यातून सैन्याला चालता येत नाही आणि होड्याही जात नाहीत. १६७२मध्ये फ्रेंचांना याच युक्तीने रोखलं. मात्र १७९५च्या कडक हिवाळ्यात पाणी गोठलं आणि फ्रेंच बर्फावरून चालत आले. या जलरेषेची नंतरची, एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती २०२१मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. आता किल्ल्यात संग्रहालय आहे, लग्नंही लागतात.

जायचं कसं? उत्रेख्तहून गेल्डरमाल्सेनला गाडी बदलून गोरिंखेम. स्टेशनपासून जुन्या गावातून धक्क्यापर्यंत वीसेक मिनिटं चालावं लागतं. फेरी पायी आणि सायकलवाल्यांसाठी आहे, गाड्यांसाठी नाही, आणि लूव्हेस्टाइनचा थांबा हंगामापुरताच असतो; वेळापत्रक निघण्याआधी बघा, परतीची शेवटची फेरी आधी लिहून ठेवा. फेरी नसेल तर ब्राकेल-पुडेरोयेनच्या बाजूने गाडीने यावं लागतं आणि वळसा मोठा पडतो. म्युझियमकार्ट, म्हणजे डच संग्रहालयांचा वार्षिक पास, चालतं. जिने गोल आणि अरुंद आहेत, त्यामुळे बाबागाडी बाहेरच ठेवावी लागेल. गुडघे दुखत असतील तर तट आणि अंगण यावरच समाधान मानावं. नदीवरचा वारा उन्हातही झोंबतो, जॅकेट हवंच. खानावळ आहे, पण शाकाहारी असाल तर पोळीभाजी बांधून न्या. दिवस मोठा असेल तर त्याच फेरीने वौद्रिखेमला उतरा. तटबंदीतलं छोटं गाव आहे, तासाभरात पायी पाहून होतं आणि तिथूनही गोरिंखेमला परतता येतं.