हळदीच्या पानाचे दिवस

गोव्याला कधी जायचं, असं कुणी विचारलं की आपल्याकडे डोळे झाकून डिसेंबर सांगतात. मीही सांगायचो. मग एका वर्षी घरून काम करायची मुभा मिळाली, त्याच वेळी कोल्हापुरातल्या घराची डागडुजी निघाली, आणि मी जूनमध्ये लॅपटॉप घेऊन म्हापशाला आत्याकडे जाऊन पडलो तो थेट चवथ करूनच परतलो. चवथ म्हणजे आपली गणेशचतुर्थी.

पहिल्याच आठवड्यात आत्याने परसात नेऊन हळदीचे हातभर वाढलेले कोंभ दाखवले. "ही पानं तोडायची नाहीत हं, बाळू. सगळी लागणार आहेत." मला वाटलं, म्हातारपणी माणसाला झाडांचा लळा लागतो, तसलं काही असेल.

२४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा, बायबलातल्या योहानाचा सण. मी शिवोलीला गेलो. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल, म्हणजे मुकुट, घातलेली माणसं घुमट नावाचं मातीचं वाद्य बडवत दारोदार फिरत होती आणि "व्हिवा सांजांव!" म्हणत धडाधड विहिरीत उड्या टाकत होती. नव्या जावयाचा मान मोठा. त्याला सासुरवाडीला बोलावतात, फळं देतात आणि मग पाण्यात ढकलतात. येशूची आई मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळ योहानाने आनंदाने उडी मारली, त्याची ही आठवण. कथा बायबलातली, पण विहीर इथली. मे महिन्यात तळ दाखवणारी ती जांभ्याची विहीर जूनच्या पावसाने गळ्याशी आलेली होती. मी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरलो. एक गृहस्थ हसत म्हणाले, "लग्न जालां?" नाही म्हटल्यावर सोडून दिलं.

पाचच दिवसांनी, २९ जूनला, सांगोड. सेंट पीटर हा मूळचा मासेमार, म्हणून मच्छीमार होड्या एकमेकींना बांधून वर मंच उभारतात आणि नदीतून गात निघतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणजे सणाला माणसं मोकळीच. इथल्या दिनदर्शिकेत धर्म कुठलाही असो, तारीख पावसाला विचारूनच ठरवली असावी, असा संशय मला तिथून यायला लागला.

माशेलच्या चिखलकाल्याने तो पक्का केला. आषाढी एकादशीचं भजन झालं की द्वादशीला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखल खेळतात. या देवळात आई आणि मुलगा दोघांची पूजा होते. मूर्ती मूळची चोडण बेटावरची, पोर्तुगिजांच्या काळात हलवत हलवत इथवर आली. देवळात पुरुष अंगाला तेल चोपडत होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजोबांच्या पाठीला तेल लावत होता, हात पुरत नव्हता म्हणून उड्या मारत. मग "जय जय राम कृष्ण हरी"चा गजर करत सगळे मैदानात आले, आणि पाच मिनिटांत कोण वकील, कोण रिक्षावाला, कोण आमदाराचा माणूस, काही ओळखू येईना. खेळ म्हणाल तर कृष्णाच्या गोकुळातले: चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, चक्र. कडेचे लोक लाडू-पेढे फेकतात आणि खेळणारे ते चिखलातून झेलतात. मी पांढरा सदरा घालून "फक्त बघायला" आलो होतो. चौघांनी उचललं. सदरा गेला, एक चप्पल त्या मैदानात अजूनही असेल. आत्या म्हणाली, "पांढरा घातलास कशाला?" सहानुभूती एवढीच.

श्रावणात वास्कोला दामोदर सप्ताह. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, तेव्हा लोकांनी जांबावलीहून दामोदराचा नारळ आणून अखंड भजन मांडलं, ते अजून दरवर्षी चोवीस तास चालतं. बंदराचं, रेल्वेचं, नौदलाचं हे गाव. फेरीतल्या, म्हणजे सप्ताहाच्या जत्रेतल्या, दुकानांवर कानडी, हिंदी, तेलुगू सगळं कानावर पडतं. देवळात मात्र तुकोबा. शेजारी बसलेले काका माझ्याशी कोंकणीत बोलत होते आणि पाळी आली की खणखणीत मराठीत अभंग उचलत होते. भाषेच्या नावाने या भूमीवर किती रणं माजली, आणि इथे माणूस बायकोशी एका भाषेत, देवाशी दुसऱ्या भाषेत, बिनबोभाट.

१५ ऑगस्टला पहाटेच आत्येभावाच्या स्कूटरवरून पत्रादेवीला गेलो. बांद्याकडून गोव्यात शिरताना लागतं ते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा गोवा नव्हता. १९५५ च्या याच तारखेला निःशस्त्र सत्याग्रही ही हद्द ओलांडू लागले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडले. गोवा मोकळा व्हायला त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. आम्ही पोचलो तेव्हा हुतात्मा स्मारक पावसात निथळत होतं. रेनकोटातून हात बाहेर काढून नमस्कार केला. या रस्त्याने एसटीतून मी वीसेक वेळा तरी गेलो असेन, बहुतेक वेळा झोपेत.

भिजून परत येतो तो शेजारच्या ख्रिस्ती बाई ताट घेऊन दारात. त्यांचं त्या दिवशी सायबिणीचं फेस्त, म्हणजे मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि त्या फेस्ताला पातोळ्या हव्यातच. हळदीच्या पानावर तांदळाचं वाटण पसरायचं, वर ओलं खोबरं नि माडाचा काळा गूळ, पान दुमडून वाफवायचं. मी पान सोलून काढलं तर पातोळीच्या पांढऱ्या अंगावर पानाची एकेक शीर उमटलेली. नागपंचमीला आत्याने केल्या होत्या, त्याच ह्या. चव तीच, फक्त त्यांच्या गुळात धुराचा किंचित जास्त वास.

"पानं पुरली ना?" आत्याने विचारलं.

"पुरलीं गो. देव बरें करूं." त्या आमच्या मागच्या परसाकडे बघत होत्या.

तेव्हा कुठे मला कळलं की सकाळी आमची अर्धी हळद का बोडकी दिसत होती.

"राहिलेली चवथीला ठेवलीयेत," आत्या म्हणाली. "माटोळीला कवंडाळं मात्र तुझ्या मळ्यातली लागतील." माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची चौकट, आणि कवंडाळं ही तिला टांगायची रानफळं.

"शुक्रवारीं धाडटां," त्या म्हणाल्या, आणि रिकामं ताट मागून घेऊन गेल्या.