हरतालिकेचा शुक्रवार

१४ सप्टेंबर २००७ ही तारीख माझ्या लक्षात राहिली ती हरतालिकेमुळे. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते. शनिवारची रजा मी महिनाभर आधीच टाकून ठेवली होती. उपास असल्यामुळे डब्यात केळी आणि खजूर होते. लंडनच्या नैर्ऋत्येला, किंग्स्टनमधल्या एका बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे ठेवी घेऊन घरांसाठी कर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थेच्या, शाखेत मी तेव्हा कॅशियर होते. सोसायटीचं नाव काही सांगत नाही, त्याची इथे गरजही नाही.

बसमधून उतरले तर नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारापासून रांग लागलेली. शाखा उघडायला अजून अवकाश होता. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, एका बाईंच्या हातात थर्मास होता. आरडाओरडा अजिबात नाही. इंग्रज माणूस घाबरला तरी रांग मोडत नाही. आदल्या रात्री बीबीसीवर बातमी आली होती की नॉर्दर्न रॉकने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितली आहे. बँकेची वेबसाइट गर्दीने बसली, तेव्हा लोक पासबुकं घेऊन रस्त्यावर उतरले. १८६६ नंतर ब्रिटनमधल्या बँकेवर अशी झुंबड उडाली नव्हती.

आमच्याकडच्या माणसांना बिल्डिंग सोसायटी समजावताना मी भिशीपासून सुरुवात करते. १७७५ साली बर्मिंगहॅममधल्या एका खानावळवाल्याने, रिचर्ड केटलीने, अशी पहिली सोसायटी काढली असं मानतात. सभासदांनी दरमहा वर्गणी भरायची, त्यातून घरं बांधायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला घर द्यायचं. सगळ्यांची घरं झाली की सोसायटी बंद! पुढे कायमच्या सोसायट्या आल्या, पण मूळ तेच राहिलं. इथे ठेवीदार म्हणजे नुसता ग्राहक नाही, तो सभासद असतो. ठेव हजाराची असो की लाखाची, मत एकच.

नॉर्दर्न रॉकसुद्धा मुळात सोसायटीच. १९६५ साली ईशान्य इंग्लंडमधल्या दोन सोसायट्या एकत्र येऊन ती झाली. १९८६ च्या कायद्याने सोसायट्यांना शेअरधारकांच्या मालकीची कंपनी, म्हणजे साधी बँक, होण्याची वाट मोकळी झाली, १९८९ मध्ये ॲबी नॅशनल त्या वाटेने पहिली गेली आणि १९९७ मध्ये तर रीघच लागली. हॅलिफॅक्स, वुलिच, अलायन्स अँड लेस्टर आणि ऑक्टोबरमध्ये नॉर्दर्न रॉक. सभासदांनी ‘हो’ म्हणून मत दिलं की फुकट शेअर मिळायचे. नॉर्दर्न रॉकने माणशी ५०० दिले.

त्या वर्षी आमच्या शाखेतही रांग असायची, पण ती पैसे भरणाऱ्यांची! आज ना उद्या ही सोसायटीही बँक होईल आणि आपल्याला शेअर मिळतील, या आशेने माणसं शंभर-शंभर पौंडांची खाती उघडत सुटली होती. त्यांना इथे ‘कार्पेटबॅगर’ म्हणायचे. अशांना अडवायला काही सोसायट्यांनी खातं उघडण्याची किमान रक्कम भरमसाट वाढवली. नेशनवाइड या सोसायटीने नव्या सभासदांकडून लिहूनच घ्यायला सुरुवात केली की असा काही लाभ मिळालाच तर तो धर्मादाय संस्थेला जाईल. मी नाक मुरडायचे खरी, पण आम्हा नवरा-बायकोचीही तीन सोसायट्यांत खाती होती. त्यातली एकही बँक झाली नाही.

आमच्याकडे नेहमी येणारे एक पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा होते. त्यांना मात्र नॉर्दर्न रॉकचे ५०० शेअर मिळाले होते. २००७ च्या सुरुवातीला भाव बारा पौंडांच्या वर होता, तेव्हा काउंटरवर टेकून मला चिडवायचे, “तुमची सोसायटी कधी मोठी होणार, डिअर?”

त्या शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला ते आले ते घामाघूम होऊन. साडेतीन तास उभे होते म्हणे. खिशातून लिफाफा काढला आणि त्यातला चेक काचेखालच्या खाचेतून आत सरकवला. ४१,००० पौंड. घर विकून छोट्या फ्लॅटमध्ये गेले होते, त्यातली ही शिल्लक.

चेक उलटून पाहिला आणि मला काय बोलावं सुचेना. चेक नॉर्दर्न रॉकचाच होता. रोख एवढी मिळाली नव्हती, चेक घेऊन ते धावत आमच्याकडे आले होते. वटायला पाच-सहा कामाचे दिवस लागणार. तोवर ती बँक टिकली नाही तर?

“आता पैसे तुमच्याकडे सुरक्षित ना?” त्यांनी विचारलं.

‘हो’ म्हणणं सोपं होतं. पण मी म्हटलं, “चेक वटला की. आज मी फक्त जमा करून घेतेय.”

ते काहीच बोलले नाहीत. मग खिशातली पेन्सिल काढून भरणा स्लिपच्या मागे हिशेब मांडला. तेव्हाचा नियम असा होता की बँक बुडाली तर पहिल्या २,००० पौंडांची पूर्ण भरपाई आणि पुढच्या ३३,००० ची नव्वद टक्के. जास्तीत जास्त ३१,७००. वरच्याला वाली नाही. नऊ हजार तीनशे. त्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावच्या पतपेढीच्या पायरीवर बसलेले वडील आले. त्यांच्या हातात पासबुक होतं.

संध्याकाळपर्यंत असे कितीतरी चेक आले. चहाच्या सुट्टीत मी मॅनेजरबाईंना हळूच विचारलं, “आपलं काय?” त्यांनी सांगितलं ते तोवर मला नीट ठाऊक नव्हतं. सोसायटीला किमान निम्मा पैसा सभासदांच्या ठेवींतूनच उभा करावा लागतो, कायदाच आहे. कंपनी झाल्यावर नॉर्दर्न रॉकवर ते बंधन उरलं नाही. बहुतेक पैसा ठेवीदारांऐवजी बाजारातून, म्हणजे इतर बँका आणि गुंतवणूकदारांकडून, उचलायचा आणि घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत कर्जं वाटायची, असं चाललं होतं. ऑगस्टमध्ये बाजार आटला आणि विहीर उघडी पडली. मला हायसं वाटलं, आणि आजोबांचा चेहरा आठवून त्याची लाजही वाटली.

शनिवारची रजा अर्थातच रद्द झाली. पहाटे पाचला उठून प्राणप्रतिष्ठा उरकली, मोदक नवऱ्याच्या हवाली केले (अर्धे फुटले) आणि मी कामावर गेले. रांग आणखी लांबली होती. सोमवारी संध्याकाळी अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी नॉर्दर्न रॉकमधल्या सगळ्या ठेवींना सरकारची हमी दिली, मग रांगा ओसरल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये बँक सरकारजमा झाली. शेअरधारकांना एक पेनीसुद्धा मिळाली नाही, आजोबांचे ५०० शेअरही त्यातच गेले. पुढे २०१२ मध्ये त्या बँकेचा चांगला हिस्सा व्हर्जिन मनी या दुसऱ्या बँकेने घेतला आणि २०२४ मध्ये व्हर्जिन मनीच नेशनवाइडने विकत घेतली. म्हणजे सोसायटी सोडून गेलेलं पोर फिरून सोसायटीच्याच घरी आलं. हे ऐकायला आजोबा हवे होते.

त्यांचा चेक पुढच्या आठवड्यात वटला. पासबुक घेऊन आले, मी ते प्रिंटरमध्ये सरकवलं, कर्रकर्र करत ओळ उमटली. ती त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली. मग म्हणाले, “वीस पौंड काढून द्या.”

मी नोट दिली. त्यांनी ती उजेडात धरली, घडी घातली, परत उलगडली आणि खाचेतून माझ्याकडे ढकलली. “आता परत भरा.”

मी भरली. पासबुक पुन्हा प्रिंटरमध्ये घातलं.